एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधाची, गोळी बदलताना हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट बघितला होता का?

घणसोलीकर

माझा थोरला भाऊ वाशीच्या एपीएमसीत माथाडी कामगार आहे. २०१७ साली त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्याला विचारूनच हे लिहितोय. "माझं नाव तेवढं टाकू नकोस, बाकी सगळं लिही. दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको," असं तो म्हणाला.

सरकारी एआरटी केंद्रातून लगेच औषध सुरू झालं. रोज रात्री एक गोळी. आधी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ अशी तिघांची होती, पुढे एफाव्हिरेंझ जाऊन डोल्युटेग्राव्हिर आलं. दादाने एक दिवस गोळी चुकवली नाही. कांदा-बटाटा मार्केटात रात्री गाडी खाली करायची असली की शर्टाच्या खिशात कागदाची छोटी पुडी असायची. कुणी विचारलं तर ॲसिडिटीची गोळी म्हणून सांगायचा. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दर वेळी 'आढळला नाही' असाच यायचा.

गेल्या वर्षी किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.५ आलं. ओळखीतल्या एकाने खासगी डॉक्टर सुचवले. टेनोफोव्हिरमुळे किडनीवर ताण येतो, असं सांगून त्यांनी डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन या दोनच औषधांची गोळी दिली. ही गोळी एचआयव्हीसाठी उत्तम आहे, हे मी आता वाचलंय. गोळी वाईट नव्हतीच. पण दादाच्या फायलीत २०१७चा एक कागद होता, 'एचबीएसएजी : रिॲक्टिव्ह'. तो ना डॉक्टरांनी उलटून बघितला, ना आम्ही. त्याला हिपॅटायटिस बीसुद्धा आहे, हे सात वर्षांत आम्हाला कुणी तोंडाने सांगितलंच नव्हतं. जाड फाईल, इंग्रजी कागद, आणि 'एचआयव्ही' या शब्दाचा असा धसका, की त्याच्या पलीकडे काही वाचायची ताकदच उरत नाही.

सात महिन्यांनी एके सकाळी दादा गॅलरीत उन्हात उभा होता आणि वहिनीने त्याचे डोळे बघितले. हळद घातल्यासारखे पिवळे. लघवी चहासारखी होते हे तो आठवडाभर अंगावर काढत होता.

पुढचं लिहायला जड जातंय, पण लिहायलाच हवं. आत्या म्हणाली, काविळीला डॉक्टर नकोत, गावचं औषध हवं. दादाला साताऱ्याकडे नेलं. तिथे डोक्यावर काविळीची माळ घातली, ती दिवसागणिक लांबत खाली उतरते. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, "बघा, कावीळ उतरली," म्हणाले. दादाच्या हाताला आधीच सालीचा रस चोळला होता, तो चुन्याच्या पाण्यात पिवळा पडतो. आमचे नऊ दिवस गेले. परत आणला तेव्हा जेवणाच्या वासाने उलटी होत होती. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी ७८०, बिलिरुबिन ७.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बी तपासलंय का कधी?" मी फाईल पुढे केली. त्यांनी दोन मिनिटं पानं चाळली आणि त्या कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "टेनोफोव्हिर दोन विषाणूंना धरून बसलं होतं. ते काढलं, तसा एक सुटला."

आता टेनोफोव्हिर परत सुरू आहे, पण ॲलाफेनामाइड या रूपात. जुन्या रूपाची मात्रा ३०० मिलिग्रॅम, याची २५. किडनीवर भार कमी पडतो. चार महिन्यांत एसजीपीटी ३८ वर आलाय.

इथे आणखी कुणाच्या घरी दोन्ही आजार आहेत का? आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं, बी बरा का होत नाही? आमच्या शेजारच्या काकांचा हिपॅटायटिस सी तर तीन महिन्यांत गेला.

---

ऐरोली_नाका

वाचून अंगावर काटा आला. दादा कामावर जायला लागले का?

---

घणसोलीकर

हलकं काम करतोय. टोळीतल्या मुकादमाने सांभाळून घेतलं. त्याला फक्त कावीळ झाली होती एवढंच माहीत आहे.

---

लॅबमधली_ताई

ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये सोळा वर्षं आहे. दोन गोष्टी मला रोज दिसतात, त्या सांगते.

एक म्हणजे 'कावीळ' हा आमच्या लोकांसाठी एकच आजार असतो. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात आणि बहुतेकांचे आपोआप बरे होतात. माळवाल्यांचं नाव त्यांच्यावरच चालतं. बी आणि सी रक्तातून येतात, बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही येतो. हे दोन्ही वर्षानुवर्षं गप्प बसतात. डोळे पिवळे होतात तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट रिपोर्टची. एचबीएसएजी रिॲक्टिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांनंतरही तो तसाच असेल तर आजार जुनाट झाला असं धरतात. अँटी-एचबीएस हे संरक्षण, लशीने किंवा बरं झाल्यावर तयार होणारं. अँटी-एचबीसी म्हणजे कधीतरी खराखुरा संसर्ग होऊन गेलाय, लशीने ते येत नाही. ही तीन नावं एवढी सारखी आहेत की सुशिक्षित माणसंही गोंधळतात. परवाच एक गृहस्थ काउंटरवर रिपोर्ट हातात धरून हसत उभे होते. "रिॲक्टिव्ह म्हणजे शरीर चांगलं प्रतिसाद देतंय ना?" मी त्यांना आत घेऊन बसवलं. तो अर्धा तास मला अजून आठवतो.

घणसोलीकर, तुमच्या वहिनींची आणि मुलांची तपासणी झाली का? झाली नसेल तर याच आठवड्यात करा.

---

तलावपाळी

सीबद्दल मी सांगते, आईवरून.

१९९२ साली माझ्या भावाच्या वेळी तिला बाळंतपणात रक्त चढवलं होतं. सीचा विषाणू शास्त्रज्ञांनी ओळखलाच १९८९ मध्ये, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. मधल्या काळातल्या बाटल्यांमध्ये काय होतं, देव जाणे. आईला कसलाही त्रास नव्हता. २०१८ च्या शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा कळलं. सव्वीस वर्षांनी!

त्याच वर्षी २८ जुलैला केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता, त्यामुळे औषध फुकट मिळालं. सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, बारा आठवडे. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी घेतली की लाल पेनाने फुली मारायची. ८४ फुल्या. ते कॅलेंडर अजून कपाटात आहे. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी तपासलं, विषाणू नाही.

हेच सोफोस्बुव्हिर अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात आलं तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. नाहीतर आमचं नौपाड्यातलं घर विकूनही पुरलं नसतं.

एक सूचना. सी बरा झाला तरी अँटी-एचसीव्ही, म्हणजे सीच्या अँटीबॉडीची, तपासणी बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच येते. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आईला पुन्हा 'तुम्हाला सी आहे' म्हणून परत पाठवत होते. आरएनए (म्हणजे खुद्द विषाणूची तपासणी) निगेटिव्ह असल्याचा कागद दाखवल्यावर ऑपरेशन झालं. तो कागद लॅमिनेट करून ठेवा.

---

पारसिकचा_डोंगर

निवृत्त फिजिशियन आहे, कळव्यात राहतो. घणसोलीकर, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, सविस्तर लिहितो.

सीचा विषाणू आरएनएचा. तो यकृताच्या पेशीत शिरतो, पण पेशीच्या केंद्रकात जात नाही. बाहेरच्या बाहेर स्वतःच्या प्रती काढत राहतो. प्रती काढणं बारा आठवडे बंद पाडलं की त्याचं बीजच उरत नाही. म्हणून तो पूर्ण बरा होतो, शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक लोकांत.

एचआयव्ही आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच स्वतःला विणून घेतो. बीला टिकून राहायला तसं विणून घ्यावं लागत नाही, तो केंद्रकात जाऊन स्वतःच्या डीएनएचं एक बंद कडं तयार करतो. ते कडं म्हणजे त्याची तिजोरी. आजची कुठलीही गोळी त्या तिजोरीपर्यंत पोचत नाही. गोळी फक्त तिथून निघणाऱ्या नव्या प्रती अडवते. गोळी थांबली की तिजोरी उघडी. दादाच्या बाबतीत हेच झालं.

आता एकच औषध दोघांवर कसं चालतं? १९८२ मध्ये समर्स आणि मेसन या दोन अमेरिकी संशोधकांनी बदकांच्या बी विषाणूवर काम करताना दाखवलं की हा विषाणू डीएनएचा असला तरी प्रती काढताना मध्ये आरएनए तयार करतो आणि तो उलटा वाचून पुन्हा डीएनए बनवतो. उलटं वाचायची ही खोड एचआयव्हीचीही. त्यामुळे एचआयव्हीसाठी शोधलेलं लॅमिव्ह्युडिन १९९८ मध्ये बीसाठीही मंजूर झालं. पण बी त्याला लवकर सरावतो. दोन्ही आजार असलेल्यांत एकटं लॅमिव्ह्युडिन चार वर्षं चाललं, तर बहुतेकांमध्ये ते निकामी झालेलं आढळलं. टेनोफोव्हिर मात्र टिकून राहिलं. एचआयव्हीसाठी ते २००१ मध्ये आलं, बीसाठी २००८ मध्ये, आणि त्याला दाद न देणारा बी विषाणू व्यवहारात जवळजवळ दिसत नाही.

म्हणजे दादाच्या त्या दोन औषधांच्या गोळीत बीसाठी फक्त लॅमिव्ह्युडिन उरलं होतं. पुढे काय होणार हे पुस्तकात लिहिलेलं होतं. माझ्याच व्यवसायातल्या माणसाकडून हे झालं याचं मला मनापासून वाईट वाटतं. किडनीची काळजी घेणं बरोबर होतं, पण मात्रा कमी असलेलं रूप तेव्हाच देता आलं असतं.

याचीच दुसरी बाजूही आहे. बी आणि सी दोन्ही असतील आणि फक्त सीचे उपचार केले, तर दबलेला बी उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याचा कडक इशारा दिला. त्यांच्या नोंदीत तेव्हा असे २४ रुग्ण होते आणि त्यांतले दोघे दगावले होते. म्हणून सीची गोळी सुरू करण्याआधी बी तपासायचा, म्हणजे तपासायचाच.

---

तलावपाळी

डॉक्टरकाका, आईचा बी तेव्हा तपासला होता. आत्ता फाईल काढून बघितलं. निगेटिव्ह आहे. पण तेव्हा का तपासला हे कळलं नव्हतं, आज कळलं.

---

सानपाडा_स्टेशन

मी स्वतः एआरटीवर आहे, नऊ वर्षं. दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल वाचलं. आणि आता सहा महिन्यांतून एकदाचंही आलंय म्हणे. रोजची गोळी लपवून कंटाळा आलाय हो. खरंच कंटाळा आलाय. माझाही बी पॉझिटिव्ह आहे. मला ते घेता येईल का?

---

पारसिकचा_डोंगर

तुमचा कंटाळा मला समजतो. नऊ वर्षं रोज एक गोष्ट लपवायची, हे सोपं नाही.

दोन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये, ज्यांचा व्हायरल लोड गोळ्यांनी दबलेला आहे त्यांच्यासाठी, पर्याय म्हणून त्याची शिफारस केली. पण त्याच वाक्यात अट घातली आहे की हिपॅटायटिस बीचा सक्रिय संसर्ग नसावा. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल, या दोन्हींपैकी एकही औषध बीवर काम करत नाही. इंजेक्शन घेतलं तरी बीसाठी रोजची गोळी सुटणार नाही.

सहा महिन्यांचं ते लेनाकॅपाव्हिर. त्याचा गाजावाजा झाला तो मुख्यतः प्रतिबंधासाठी. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवरच्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. माझ्या उमेदीच्या काळात असा आकडा कुणी सांगितला असता तर मी विश्वास ठेवला नसता. पण तेही फक्त एचआयव्हीचं औषध आहे. बीला त्याचा उपयोग नाही.

बी बरा करण्यावर काम चाललंय. बेपिरोव्हिरसेन नावाच्या इंजेक्शनच्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. मोठ्या मात्रेने २४ आठवडे घेतल्यावर साधारण दहातल्या एकाचा एचबीएसएजी गेला आणि औषध थांबवून सहा महिने झाले तरी परत आला नाही. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांवरची ती चाचणी होती. दहातला एक ऐकायला कमी वाटतं. पण नुसत्या गोळ्यांवर वर्षाला शंभरातल्या एखाद्याचा जातो, त्या मानाने हे मोठं पाऊल आहे.

तोवर तुमची ती कंटाळवाणी गोळी सोडू नका. हात जोडून सांगतो.

---

सानपाडा_स्टेशन

नाही सोडणार, काका. इथे लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

---

कोपरी_गाव

माझ्या भावजींनी बहिणीच्या लग्नात तीन आठवडे गोळ्या घेतल्या नव्हत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, बॅग कोण उघडेल याची भीती. एचआयव्हीला काही झालं नाही म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो. त्यांचा बी तपासलाय की नाही, मला माहीत नाही. उद्याच विचारते.

---

विटावा

विचारायला लाज वाटते, पण विचारतोच. माझं लग्न ठरतंय. मुलीला एचआयव्ही आहे, तिने स्वतः सांगितलं. औषधं नीट चालू आहेत, लोड आढळत नाही. मला ती मनापासून आवडते. घरी अजून बोललो नाही. धोका किती?

---

पारसिकचा_डोंगर

लाज कसली? तिने सांगितलं हे किती मोठं आहे.

२०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी होती ती. आपल्या पुण्यातली आणि चेन्नईचीही त्यात होती. लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. नंतरच्या अभ्यासांत, लोड आढळत नसलेल्या जोडीदाराकडून शरीरसंबंधातून एकही संसर्ग झालेला दिसला नाही. नियमित औषध आणि दबलेला लोड असेल तर शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. मुलंही निरोगी होऊ शकतात.

दोघांचीही बीची तपासणी करा. तुमची निगेटिव्ह असेल आणि पूर्वी लस झाली नसेल, तर लग्नाआधीच लस सुरू करा. शून्य, एक आणि सहा महिने, असे तीन डोस. तिलाही बी नसेल तर तिनेही घ्यावी. एचआयव्ही असलेल्यांमध्ये नेहमीच्या मात्रेने संरक्षण कमी तयार होतं, म्हणून डॉक्टर बहुधा दुप्पट मात्रा देतात. घरी कधी सांगायचं हे तिने ठरवायचं. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तिच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला देणं त्यात बसत नाही.

मी १९९०च्या दशकात अशी लग्नं मोडताना बघितली आहेत. तेव्हा सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने एचआयव्हीची तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरांत द्यायची तयारी दाखवली, २००४ च्या एप्रिलपासून जे.जे.सारख्या सरकारी रुग्णालयांत ती फुकट मिळू लागली. त्याआधी गेलेले माझे रुग्ण मला चेहऱ्यांनिशी आठवतात. तुम्ही लग्न करा. माझे आशीर्वाद आहेत.

---

विटावा

🙏 काका, हे तिला वाचून दाखवतो.

---

लॅबमधली_ताई

लग्नाचा विषय निघालाच आहे तर बाळाचंही सांगते. आईला बी असेल तर बाळाला लशीचा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळायला हवा, सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन. "सुट्टी आहे, उद्या देऊ" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, भांडा. जन्मताना झालेला बी दहातल्या नऊ बाळांत आयुष्यभर राहतो. मोठेपणी झाला तर शंभरातल्या पाचेक जणांतच राहतो. आईचा बीचा लोड जास्त असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तिला टेनोफोव्हिरच देतात. हो, तेच टेनोफोव्हिर.

---

घणसोलीकर

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, दादाला हे सगळं वाचून दाखवत होतो. डॉक्टरकाकांचा तिजोरीवाला भाग त्याने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "म्हणजे किल्ली माझ्या खिशातच होती की."

ताई, वहिनी आणि दोन्ही मुलांची तपासणी केली. तिघंही निगेटिव्ह. मुलांना लहानपणी लस मिळालेली आहे, कार्डावर शिक्का आहे. वहिनीला कधीच मिळाली नव्हती. पहिला डोस गेल्या महिन्यात झाला, दुसरा परवा.

फायलीच्या वरच्या पुठ्ठ्यावर मी लाल मार्करने मराठीत मोठ्ठं लिहिलंय : 'हिपॅटायटिस बी आहे. टेनोफोव्हिर बंद करू नये.' दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी करायला सांगितलंय. लिव्हरच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला म्हणे. पुढची तारीख त्याच्याच खाली लिहिलीय.

आत्याला मी अजून काही बोललो नाही. तिने दादासाठी जीव टाकला, माळेचे पैसेही तिनेच दिले होते. पण परवा फोनवर तिनेच विचारलं, "ती रक्ताची तपासणी माझी पण करतात का रे?" रविवारी तिला गावाहून आणतोय.

---

लॅबमधली_ताई

आत्यांना घेऊन या. आणि वहिनींचा तिसरा डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस करून घ्या, दहाच्या वर आलं पाहिजे. तारीख पुठ्ठ्यावर लिहा.